पोटापुरतं : पंगतीत बसलेल्यांचे प्रश्न

या पानावर पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. आचारी आहे. नागपूरच्या महाल भागात आमचं केटरिंगचं काम वडिलांपासून चालत आलेलं. तीस वर्षं भट्टीजवळ उभा राहिलो, प्रत्येक गंजातलं चमचा-चमचा चाखलं आणि एप्रिल २०१७ मध्ये १३१ किलो वजन नि दोन वेळचं इन्सुलिन घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात बायपाससाठी भरती झालो. हृदयाचा नाही, वजन उतरवण्यासाठी करतात तो पोटाचा बायपास. यात जठराचा वरचा अंड्याएवढा भाग वेगळा करतात आणि तो पुढच्या आतड्याला जोडतात. बाकीचं जठर पोटातच राहतं, फक्त अन्नाचा रस्ता तिथून जात नाही. दीड वर्षात ८२ वर आलो. आज ८७ आहे. मधल्या पाच किलोंचा हिशेब खाली एका पत्राच्या निमित्तानं द्यावाच लागला.

गोळ्या-औषधांचं तुमच्या सर्जनला विचारायचं. मला विचारायचं ते पानातलं, वाटीतलं, पंगतीतलं. या महिन्यात निम्मी पत्रं महालक्ष्म्यांच्या जेवणावरच आली आहेत, त्यामुळे तिथूनच सुरुवात करतो.

काका, पाच आठवड्यांपूर्वी माझी स्लीव्ह (जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली. नवऱ्याशिवाय घरात कुणाला माहीत नाही, सासरी हर्नियाचं ऑपरेशन सांगितलंय. यंदा महालक्ष्म्या मोठ्या जाऊबाईंकडे आहेत. पन्नास पानं उठतील. मी बसले की सगळ्यांचे डोळे माझ्या पानात. न जेवता उठले तर सणाच्या दिवशी अपशकुन, जेवले तर माझे हाल. काय करू? — मनीषनगरहून एक सूनबाई

बेटा, आधी माझं पाप ऐक. आग्रह हा आमच्या धंद्याचा भाग होता. नवीन वाढपी पोरं आली की मी त्यांना रांगेत उभं करून शिकवायचो : पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणाला की ते ऐकायचं नाही. दुसऱ्यांदा म्हणाला की अर्धं वाढायचं. दोन्ही हात पानावर आडवे आले, की मगच पुढच्या पानाकडे सरकायचं. यजमान खूश व्हायचे, “तुमची पोरं किती मायेनं वाढतात” म्हणायचे. ऑपरेशननंतर एका लग्नात मी स्वतः पंगतीला बसलो, तर माझ्याच हाताखाली तयार झालेल्या पोरानं माझं ‘नको’ ऐकून हसत हसत दोन जिलब्या टाकल्या आणि पुढे गेला. त्याला रागवायला तोंडच नव्हतं मला.

पण त्या शिकवणीतूनच एक युक्ती सांगतो. वाढप्याची नजर तुझ्या तोंडाकडे नसते, पानाकडे असते. रिकामी जागा दिसली की हात आपोआप जातो. भराभर जेवून पान स्वच्छ करणाऱ्यावर दुसरी फेरी होते, तिसरी होते. ज्याच्या पानात प्रत्येक पदार्थ थोडा थोडा दिसतोय, त्याच्यासमोर कुणी थांबत नाही. तेव्हा ‘वाढू नका’ म्हणूच नकोस. नैवेद्याचं पान कसं असतं? लिंबाच्या फोडीपासून पुरणापर्यंत सगळं असतं, पण चिमूट-चिमूट. तुझं पान तसं वाढून घे. पान भरलेलं दिसेल, तू सावकाश चार घास खाशील, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

सांगायचं मात्र एका माणसाला, जिच्या हातात डाव आहे तिला. आदल्या संध्याकाळी सोळा भाज्या निवडायला बसाल, तेव्हा जाऊबाईंच्या शेजारी बस आणि हळूच सांग, “ताई, ऑपरेशननंतर डॉक्टरांनी चार घासांवर ठेवलंय, माझं पान नैवेद्यासारखं वाढाल का?” कुठलं ऑपरेशन, हे तुझ्यावर. पण खोटं फार लांबवू नकोस, असं मी अनुभवानं म्हणतो. मी आमच्या पोरांना सांगितलं होतं, पित्ताचे खडे काढले. सात महिन्यांनी पित्ताशयात खरोखरच खडे निघाले! वजन झपाट्यानं उतरलं की ते होण्याचा संभव असतो, म्हणून मला सहा महिन्यांसाठी एक गोळी दिली होती. ‘दुखत तर काही नाही, काहून घ्यायची’ म्हणून दोन महिन्यांत मीच ती सोडली होती. दुसऱ्यांदा भरती झालो तेव्हा हेडआचारी भेटायला आला नि म्हणाला, “मालक, हे खडे मागच्याच वेळी काढले होते ना?”

आता पानातलं. पाच आठवडे म्हणजे बहुतेकांची मऊ जेवणाची पायरी. तुझा तक्ता वेगळं सांगत असेल तर तक्ता खरा. आधी वरण, दोन-तीन चमचे. मग भाजीतलं जे बोटांनी सहज कुस्करलं जातं ते, म्हणजे भोपळा, दोडकं. शेंगांचे दोरे, देठ बाजूला. ताकातली ज्वारीची आंबील बिनगुळाची असेल तर छान उतरते. कढी घोटभर. वडे, भजी, पापड नुसते पानात शोभेला राहू देत. पुरणपोळीला नमस्कार. फार तर पुरण बोटाला लावून. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहून जास्त, काढून टाकतात नि केळ्यासारखी नळी उरते. एक घास जास्त झाला की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं, आणि त्या वेळी पंगतीतून उठणं जास्त नजरेत येतं.

उरलेल्या पानाचं काय, तर नवऱ्याला शेजारी बसव. बायकांची पंगत वेगळी असेल तर घरातलं एखादं शाळकरी पोर मांडीशी घे. माझ्या अनुभवात त्या वयाच्या पोरांइतकी पान स्वच्छ करणारी यंत्रणा दुसरी नाही.

भाऊ, बायपासला चार महिने झाले. कापडाचं दुकान आहे, जेवायला वीस मिनिटं मिळतात. पोळीचा तुकडा छातीत अडकतो, तोंडाला फेस येतो, बाथरूममध्ये पळावं लागतं. पाणी पिऊन ढकलून पाहिलं तर आणखी वाढतं. गुडघा दुखला की गल्ल्यातली गोळी घेतो. आणखी एक, तंबाखूचा खर्रा चालतो का? गिळत नाही, थुंकतो. — कामठीहून एक दुकानदार

भाऊ, तुमची पोळी दोषी आहे आणि तुमचं घड्याळही.

कणीक मळताना ओढून पाहा, रबरासारखी ताणली जाते. गव्हाचा हा चिकटपणा घाईत चावलेल्या घासात तसाच राहतो, आणि छोट्या वाटेवर त्याचा गोळा होऊन बसतो. ज्वारीत तो चिकटपणा नाही, म्हणून भाकरी फुटते, सुटी होते. मी पहिलं वर्षभर पोळीऐवजी ज्वारीची भाकरीच खाल्ली, तीही गरम वरणात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेवलेली. मोकळा कोरडा भातही अनेकांना असाच अडकतो. आसट भात बरा.

घासाचं माप सांगतो : करंगळीचं नख. तेवढा तोंडात टाकायचा, पंचवीस वेळा चावायचा, आणि तो गिळेपर्यंत चमचा हातात ठेवायचा नाही, खाली ठेवायचा. हा खाली ठेवलेला चमचाच सगळ्यात कठीण जातो. मी घड्याळ लावून पाहिलं, पाव भाकरी आणि वरण संपायला मला बावीस मिनिटं लागली. वाटी म्हणून नातवाच्या उष्टावणाची चांदीची वाटी घेतली होती. घरात सगळे हसले. पण मोठ्या ताटात तीन चमचे वरण पाहिलं की जीव कसनुसा होतो, त्या वाटीत तेच काठोकाठ दिसतं. तेव्हा वीस मिनिटांत दुकानातलं जेवण पुरं करायचं नसतं. दहाला निम्मं, एकला निम्मं. गिऱ्हाईक थांबेल. कामठीचं गिऱ्हाईक भाव करायला तसंही अर्धा तास बसतं.

अडकलं तर पाणी नाही. वाट बंद आहे, वरून पाणी ओतलं तर ते वरच्या वरच परतणार. फेस म्हणजे तुमचीच लाळ, उतरायला जागा नाही म्हणून वर आलेली. उठा, सावकाश फेऱ्या मारा, वाट पाहा. पाणी जेवणाआधी थांबवायचं आणि जेवणानंतर अर्ध्या तासानं सुरू करायचं. मात्र ओकाऱ्या दिवसभर चालू राहिल्या, पाण्याचा घोटही टिकेना, तर दुकान बंद करा आणि दवाखाना गाठा. कधी कधी जोडाची जागाच आक्रसते, ती दुर्बिणीतून रुंद करता येते. आणि ओकाऱ्या लांबल्या की शरीरातलं बी-वन जीवनसत्त्व संपतं. मग हातापायांना मुंग्या, चालताना झोक जाणं, एकाचे दोन दिसणं. असं काही झालं तर एक रात्रही थांबू नका.

पाण्याचं एकच सांगतो, कारण मी एप्रिलमध्ये ऑपरेशन करून घेण्याचा शहाणपणा केला होता. पुढे नागपूरचा मे. कूलर घरघरतोय, जीभ टाळूला चिकटलीय, आणि तांब्या तोंडाला लावायचा नाही! खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण असतं ना, त्यानं सौ. दर पाच मिनिटांनी पाणी द्यायच्या. दिवसाला दीड लिटर भरायचं तर असंच भरावं लागतं, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. एक दिवस पाहुणे आले, टोपण विसरलं, संध्याकाळी उठून उभा राहिलो तर डोळ्यांपुढे अंधारी. दुकानात जाताना लहान तोंडाची बाटली न्या, मोठी नको. मोठीतून सवयीनं घटाघटा जातं.

तुमच्या पत्रात गुडघ्याच्या गोळीचा उल्लेख ओझरता आहे, तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. गल्ल्यात जी दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी ठेवली आहे ती सर्जनला दाखवल्याशिवाय घेऊ नका. बायपासनंतर अशा बऱ्याच गोळ्यांनी जोडाच्या जागी अल्सर होतो. त्यांच्याकडून चालणारी गोळी लिहून घ्या.

खर्रा नाही. थुंकला तरी नाही. तंबाखू त्याच जोडावर उठते, आणि तोंडाचं काय होतं ते नागपूरकराला मी सांगायला नको.

काका, माझं वय २७. स्लीव्हला चार महिने झाले, २६ किलो उतरले, पण आंघोळीनंतर मूठभर केस हातात येतात. आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही नाही. वरण रोज घेते. घरचे बाळाचा विषयही काढू लागले आहेत. — त्रिमूर्तीनगर

केसांबद्दल मला विचारताय हे पाहून सौ. हसल्या. माझ्या डोक्यावर ऑपरेशनआधीही फारसं काही नव्हतं. पण हा प्रश्न दर महिन्याला येतो, त्यामुळे उत्तर पाठ झालंय. शरीराला मोठा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गळू लागतात. मूळ मरत नाही. काही महिन्यांनी गळती थांबते, नवे केस येतात. वर्ष उलटलं तरी गळतच असतील तर लोह, जस्त वगैरे तपासून घ्या. महागड्या तेलाची बाटली परत शेल्फवर ठेवा.

मात्र वरणाबद्दल माझा संशय आहे, आणि तो धंद्यातला आहे. शंभराची पंगत दीडशेची झाली की आम्ही काय करायचो? वरणात दोन बादल्या गरम पाणी, वरून जिऱ्याची फोडणी आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. कुणाला कळायचं नाही. घरोघरी थोडंफार हेच चालतं. तुम्हाला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन हवं. तीस ग्रॅम कोरडी डाळ, म्हणजे लहान मूठ, सगळी शिजून तुमच्या पोटात गेली तर जेमतेम सात ग्रॅम मिळतं. पातळ वरणाच्या वाटीत त्यातलं किती येतं ते तुम्हीच मोजा. एकदा स्वतःच्या वाटीपुरती डाळ वेगळी मोजून शिजवा, डोळे उघडतील.

पनीर घरी करा. लिटरभर म्हशीच्या दुधाचं दोनशे ग्रॅमच्या आसपास निघतं, त्यातलं पन्नास ग्रॅम म्हणजे नऊएक ग्रॅम प्रोटीन. मऊच ठेवा, दाबून वडी करू नका, कुस्करून त्यावर मीठ-जिरेपूड. दही रात्री फडक्यात बांधून चक्का करा, आणि श्रीखंड न करता तसाच खा. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, मिक्सरमधून काढून वरणात ढकला : पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत बारा-तेरा ग्रॅम. चव मला स्वतःला आवडत नाही, खोटं कशाला बोलू. पण आलं-लसूण घातलं की निभतं. जेवायला बसलात की हे आधी, पोळी-भात शेवटी, जागा उरली तर. डॉक्टरांनी पावडर दिली असेल तर तीही लाजेची गोष्ट नाही.

गोळ्या रोजच्या रोज, आणि आयुष्यभर : बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम, डी. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं, लोह चहासोबत घ्यायचं नाही. माझ्याकडे जुना मसाल्याचा डब्बा आहे. सात वाट्या, सात वार. रविवारी रात्री भरतो. हळदीचा वास कॅल्शियमच्या गोळ्यांना अजून येतो.

बाळाचं : बारा ते अठरा महिने थांबायला सांगतात, वजन स्थिर होईपर्यंत. आणि एक गोष्ट आमच्या आहारतज्ज्ञ बाई प्रत्येक मुलीला सांगतात म्हणून मी लिहितो. वजन उतरलं की अनियमित पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, त्यामुळे ‘आपल्याला कुठे लगेच राहणार’ या भरवशावर राहू नका. काय वापरायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑपरेशनचं सांगून विचारा. घरच्यांना सांगा, काकांनी दीड वर्षानंतरची तारीख दिलीय. बारशाचा स्वयंपाक माझ्याकडे.

बायपासनंतर सातव्या महिन्यात संत्रा बर्फीचे दोन तुकडे खाल्ले. पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात गुडगुड. हार्टचं काही असेल का? — धरमपेठ

छातीत दुखलं असेल, श्वास लागला असेल तर आधी डॉक्टर, मग हे पान. तुमच्या वर्णनावरून मात्र माझी डिसेंबरची रात्र आठवली. लग्नाचा स्वयंपाक, जिलबीचा पाक जमला का ते पाहायला दोन गरम जिलब्या उभ्याउभ्या खाल्ल्या. तीस वर्षांची सवय. वीस मिनिटांनी थंडीत अंगावरचा सदरा भिजला, छाती भात्यासारखी. तांदळाच्या कट्ट्यांवर आडवा झालो. पोरांनी गाडी काढली होती. अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरलं.

आपल्या पोटात साखर थांबत नाही. सरळ आतड्यात कोसळते, तिथे पाणी ओढून घेते, त्यातून हा तमाशा. याला डम्पिंग म्हणतात. काहींना तास-दोन तासांनी दुसरा झटका येतो : साखर वर गेली म्हणून शरीर इन्सुलिन जास्त सोडतं, आणि ती एकदम खाली येते, हात थरथरतात. तुम्ही शुगरची गोळी अजून घेत असाल तर हे जास्तच जपा. वजन उतरलं तरी जुनाच डोस चालू आहे असं कितीतरी जणांचं असतं. तो कमी करून घ्यायचा असतो, आपल्या मनानं नाही.

चाखायचं कसं, हा माझा धंद्याचा प्रश्न होता. आता पाकाचा चमचा जिभेवर ठेवतो, तारा बोटांवर बघतो, चूळ भरतो.

स्वतःच्या जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घ्यायचं, आणि वर त्यावर सदर लिहायचं! पैसेवाल्यांचे शॉर्टकट. — नाव नाही

पत्र आणखी दीड पान आहे, गाळलं. मी दोनदा डाएट करून अठरा-अठरा किलो उतरवले आहेत. दोन्ही वेळा ते व्याजासकट परत आले, कारण वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं. रात्री घोरताना माझा श्वास अडकायचा, सौ. उठून हलवायच्या. बायपास नव्या जमान्याचं खूळ नाही. अमेरिकेत एडवर्ड मेसन यांनी तो १९६६ साली केला. पुढच्या पत्रात नाव लिहा, चहाला या. बिनसाखरेचा मिळेल.

भाऊजी, यांची स्लीव्ह २०२२ मध्ये झाली. १२८ वरून ८४ वर आले होते, आता ९१. जेवतात इतकंसं, पण रात्री टीव्हीसमोर चिवड्याचा डब्बा मांडीवर. मी डब्बे लपवते, मग भांडणं. पोट पुन्हा मोठं झालं का? — नंदनवनहून एक वहिनी

वहिनी, एक काम करा. एका वाटीत पाणी घ्या, मूठभर पातळ पोह्यांचा चिवडा टाका. दुसऱ्या वाटीत उकडलेल्या अंड्याचा तुकडा. पाच मिनिटांनी बघा. चिवड्याचा लगदा होऊन तळाला बसलेला असतो, अंडं आहे तसंच. मी हे आमच्या गोदामात पोरांसमोर करून पाहिलं. लहान पोटातही तेच होतं. अंडं, पनीर, उसळ थांबतात, जागा अडवतात, ‘पुरे’ म्हणतात. चिवडा, शेव, बिस्किटं, आईस्क्रीम घसरून निघून जातात. त्यामुळे अर्धी भाकरी न संपवणारा माणूस रात्रभरात पाव किलो चिवडा सहज संपवतो, आणि त्याला स्वतःलाच खरं वाटत नाही की आपण जास्त खातो. सोबत चहाचे घोट असतील तर आणखी लवकर.

माझे पाच किलो असेच आले. रात्री हिशेबाची वही लिहिताना डाव्या हाताशी शेवेची बशी. सौ.नीही डबे कपाटात ठेवून कुलूप लावून पाहिलं. मी इतवारीतून पुडा आणला आणि गोदामात, कढयांच्या मागे बसून खाल्ला. साठीला आलेला माणूस! तेव्हा लपवू नका. दोन-तीन वर्षांनी थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांचं होतं. ४४ उतरले, ७ आले, यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. ऑपरेशन झालं तिथे दाखवायला गेले शेवटचं कधी, ते विचारा. माझ्या अंदाजानं पहिल्या वर्षानंतर गेलेच नसतील. मीही तीन वर्षं गेलो नव्हतो, वजन वाढल्याची लाज वाटत होती म्हणून. डॉक्टर रागावले नाहीत. बी-ट्वेल्व्ह तपासलं, ते तळाला गेलेलं निघालं.

रात्रीचं जेवण यांना साडेसातला देत असाल तर साडेनऊला खरीच भूक लागते. त्या वेळी वाटीभर मटकीची उसळ किंवा चक्का समोर ठेवा, न बोलता. चिवडा खायचाच तर वाटीत घेऊन, टेबलाशी बसून, डब्बा स्वयंपाकघरात. आमच्याकडे हिशेबाची वही आता जेवणाच्या टेबलावर लिहितात, तिथे सौ. समोर भाजी निवडत असतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, मीच विचारतो. मित्रांबरोबर ‘बसणं’ वाढलंय का? या ऑपरेशननंतर दारू लवकर चढते, आणि पूर्वी जेवणात मन रमवणारे काही जण नंतर ग्लासात रमवू लागतात. माझ्या ओळखीत एक आहे. तसं असेल तर चिवड्याचं भांडण बाजूला ठेवा, आधी ते डॉक्टरांना सांगा.

काका, आमची काटोलला संत्र्याची बाग आहे. वडिलांची बायपास झाली, सहा महिने झाले. त्यांना संत्री खाऊ द्यावी का? तुम्हालाही पेटी पाठवू का? — काटोल

द्या, पण सोलून. फोडीवरची पांढरी साल, दोरे, बिया सगळं काढून फक्त आतला गर, दोन-तीन फोडी, सावकाश. ती साल नीट चावली गेली नाही तर लहान पोटात तिचा गोळा होऊन अडकू शकतो. रस मात्र नको. पेलाभर रसात चार संत्र्यांची साखर असते आणि ती एका दमात जाते. बागायतदाराला हे पटवणं अवघड आहे हे मला कळतं. वडिलांना खाटेवर बसवून तुम्ही स्वतः सोलून द्या, त्यांच्या हातात अख्खं संत्रं दिलं तर ते सवयीनं दोन घासांत संपवतील.

पेटी नको. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहार निघाला की चार पाठवा. सोलायला नातू आहे.